डावा मेंदू, उजवा मेंदू आणि दोन ग्लास

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीतला मुलांच्या मेंदूवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. परत तेच, माणूस म्हणे मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो. अहो, मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के आणि ऊर्जा खातो जवळपास २० टक्के, एवढा खर्चिक अवयव शरीराने नुसता रिकामा बसवून पोसला असता का? स्कॅनमध्ये तर झोपेतसुद्धा त्याचं काही ना काही चालूच दिसतं.

दुसरं ते डावं-उजवं, म्हणजे कुणी डाव्या मेंदूचं, हिशेबी, तर कुणी उजव्या मेंदूचं, कलाकार. हे आलं कुठून, तर फिट्स आवरत नव्हत्या म्हणून ज्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापला होता अशा पेशंटवर अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींनी काम केलं, त्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. बोलण्याचं काम बहुतेकांमध्ये डावी बाजू बघते हे खरंच आहे. पण आपल्या पोरांचा पट्टा शाबूत आहे ना, मग चित्र काढणारं पोरगं उजव्या मेंदूचं आणि गणितवालं डाव्या, हे शिक्के कशाला?

त्यापेक्षा मुलं विचार कशी करतात हे अभ्यासणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग छापायचा होता, घरी करता येतो. माझी भाची ४ वर्षांची असताना दोन सारख्या ग्लासात सारखं पाणी घेतलं, विचारलं, सारखंय का, ती हो म्हणाली, मग तिच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं पाणी उंच बारक्या ग्लासात ओतलं आणि परत विचारलं तर म्हणे यात जास्त! लबाडी नाही आणि बुद्धी कमी आहे असंही नाही, त्या वयात नजर उंचीवर अडकते, ग्लास बारीक झालाय हे सोबत धरता येत नाही आणि पाणी परत ओतलं तर तेवढंच भरेल हे मनात उलटं फिरवून बघता येत नाही. पियाजेच्या मते हे साधारण सातव्या वर्षापर्यंत चालतं. पुढे इतरांनी दाखवलं की प्रश्न एकदाच विचारला तर बरीच मुलं बरोबर सांगतात, मोठ्या माणसाने तेच परत विचारलं की त्यांना वाटतं आपलं आधीचं चुकलं.

मीही दोनदाच विचारलं होतं. आता ती ७ वर्षांची आहे, परवा परत ग्लास काढले तर म्हणाली, मामा, पाणी तेच आहे, तू काय सारखं सारखं विचारतोस?

आपला,
एक वाचक