बाबा, पॅकेज बुक करायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

काल आईने त्या रिसॉर्टचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ते दोनदा वाचलं आणि मग झोपच लागेना म्हणून लिहायला बसलेय, फोनवर हेच बोलले असते तर बाबा तुमचं नि माझं भांडण झालं असतं. सात दिवसांचं पोस्ट-कोविड डिटॉक्स, तळं, डोंगर, योगा, सगळं छान दिसतंय, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की तिथे असेपर्यंत बाहेरची सगळी औषधं बंद. बाबा, एप्रिलमध्ये तुम्हाला नऊ दिवस ऑक्सिजन लागला होता, मी इथे जर्मनीत बसून आईच्या फोनची वाट बघत होते. रक्त पातळ व्हायची गोळी अजून चालू आहे, बीपीची तर किती वर्षं झाली. यातली एकही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, कुठल्याच डोंगरावर नाही.

हवापालट खोटा असतो असं मी म्हणत नाहीये. मीच जूनमध्ये तीन आठवडे तो करून आले. कोविडनंतर दोन जिने चढले तरी दम लागायचा, मग डॉक्टरांनी रेहा, म्हणजे आजारानंतर ताकद परत यावी म्हणून केंद्रात राहून घ्यायचे उपचार, लिहून दिली, खर्च इथला पेन्शन विमा देतो, आपण दिवसाचे 10 युरो भरायचे. बाड वोरिसहोफेन म्हणून बव्हेरियात गाव आहे, सेबास्टियन क्नाइप या पाद्र्यामुळे प्रसिद्ध झालेलं. तरुणपणी छातीच्या आजाराने खंगलेला हा माणूस ऐन थंडीत डॅन्यूब नदीत डुबक्या मारायचा, त्यातून सावरला आणि पुढे आयुष्यभर लोकांना पाण्याचे उपचार देत राहिला. 2021 मध्ये त्याच्या जन्माला 200 वर्षं झाली. तिथे गुडघाभर गार पाण्याचा हौद असतो, त्यात करकोच्यासारखा एकेक पाय पूर्ण पाण्याबाहेर काढत चालायचं, नंतर पाय पुसायचे नाहीत, चालूनच गरम करायचे. पहिल्या दिवशी मला रडू आलं आणि तिसऱ्या दिवसापासून मी सकाळची वाट बघायला लागले.

पण आत घेण्याआधी कोविड टेस्ट झाली, डॉक्टरांनी माझ्या गोळ्यांची यादी घेतली आणि सहा मिनिटांत किती चालते ते मोजलं, 340 मीटर. निघताना 490. हे एकट्या पाण्याने झालं असं मला वाटत नाही. रोज थोडं जास्त चालायचं, संध्याकाळी लवकर जेवून झोपायचं, खिडकीतून झाडं दिसायची, आणि आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे माहीत असायचं, या सगळ्याने मिळून झालं.

बाबा, तुम्ही म्हणाल गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा आश्रम काढला तो काय उगाच? अजिबात नाही. तिथलं कटिस्नान, म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसणं, आणि मातीच्या पट्ट्या यांचं मूळ थेट इथेच आहे, लुई कुने आणि अडोल्फ युस्ट या जर्मन लोकांची पुस्तकं गांधीजींनी वाचली होती. शहरातला निसर्गोपचार खेड्यातल्या गरिबापर्यंत पोचणार नाही हे त्यांना दिसत होतं, म्हणून 1946 च्या मार्चमध्ये ते उरुळीला गेले आणि पुढे त्यांचे सहकारी मणिभाई देसाईंनी तिथे आयुष्य घातलं. गरिबासाठी सुरू झालेली ही गोष्ट, आणि आता तिच्या नावावर घाबरलेल्या माणसांकडून हजारो रुपये घेतात, याचा मला खरंच राग येतो.

आणि भाऊकाका. पाचगणीच्या हवेने त्यांचा टीबी गेला असं आपल्याकडे सगळे सांगतात. पाचगणीला 1912 मध्ये डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, हवा, विश्रांती आणि सकस जेवण एवढंच हातात होतं. पण भाऊकाकांच्या वेळेला स्ट्रेप्टोमायसिन आलेलं होतं, आजी सांगायची ना, सुया टोचून टोचून त्यांना बसता यायचं नाही. 1950 च्या दशकात मद्रासला एक अभ्यास झाला, काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काही त्यांच्या घरीच, दाटीवाटीच्या गरीब वस्तीत, जेवण बेताचं, औषधं मात्र दोघांनाही तीच. वर्षाने पाहिलं तर घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते! हे वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण आली, कारण औषध नीट चालू असेल तर माणूस आपल्या माणसांत राहूनही बरा होतो.

म्हणून माझं ऐका. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पाचगणी सुमारे 1300 मीटर उंचावर आहे, तिथे चाललेलं चालेल का हे त्यांनाच विचारा. हो म्हणाले तर वाईला मावशीकडे जा, ती कधीची बोलावतेय, सकाळी कृष्णेच्या घाटावर बसा, एखाद दिवशी गाडीने पाचगणीच्या टेबललँडवर जाऊन सपाटीवर हळू चाला. ऑक्सिमीटर बरोबर ठेवा. आई, तूही जा गं, एप्रिलपासून तू एक दिवस बसलेली नाहीस.

आणि आजच एक करा, बाबांचा पलंग बाथरूमच्या भिंतीकडून काढून गॅलरीच्या खिडकीकडे लावा. अमेरिकेत उलरिक नावाच्या संशोधकाने 1984 मध्ये दाखवलं होतं की ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची जबर औषधंही कमी लागली. आपल्याला तर शिरीषाचं अख्खं झाड दिसतं. पलंग एकट्याने ओढू नका, शेजारच्या दादाला बोलवा आणि झाला की फोटो पाठवा.

तुमची,
मनू