काळी चार परत मिळाली

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. टेपा दुरुस्त केल्याच्या पैशांचा विषय काढला की तुम्ही उठून आत जाता, म्हणून हे पत्र. आमच्या गाण्याच्या गुरू, बाई, यांच्या आम्हा सगळ्या शिष्यांच्या वतीनं, आणि मुद्दाम उघड.

बाईंच्या टेपा घेऊन तुमच्या गिरगावातल्या घरी आले, तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. १९७८च्या घरगुती बैठकीच्या दोन स्पूल टेपा एका दुकानात डिजिटल करायला दिल्या होत्या. परत आल्या त्या धुऊन पुसून. खरखर गेली होती, पण तिच्याबरोबर तंबोराही गेला होता. बाईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. फाईलमध्ये त्या अर्धा सूर वर, पांढरी सहात गात होत्या, आवाज पातळ, ताना धावत सुटलेल्या. ज्यांच्यासमोर बारा वर्षं बसले, त्या बाई मला ओळखू येईनात.

तुम्ही टेपांना हातही लावला नाहीत. "आधी हे ऐक," म्हणालात आणि इटालियन ऑपेरा गायक कारुसो लावलात. मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नव्हतं. ११ एप्रिल १९०२, मिलानमधल्या हॉटेलची खोली, एकोणतीस वर्षांचा गायक, पियानोची साथ, समोर मायक्रोफोन नाही, नुसता कर्णा. दहा गाण्यांचे शंभर पौंड. 'आयडा'मधलं ते गाणं मला चिरकं वाटलं आणि मी तसं म्हणूनही टाकलं.

तुम्ही वाद घातला नाहीत. ही नक्कल कुणीतरी सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगानं उतरवलीय, तेव्हाच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसायचा, एवढंच सांगितलंत. मग काकूंची पेटी पुढे ओढलीत. भाता फाटका, सुस्कारे टाकणारा. तुम्ही त्या गाण्याच्या मूळ सुराची काळी पाच दाबून धरलीत आणि संगणकावरचा वेग हळूहळू कमी करायचं काम मला दिलंत. गाणं उतरत उतरत आलं आणि एका जागी पेटीच्या सुरात मिळालं. त्या क्षणी त्या आवाजाला छाती आली. एवढा वेळ कुणी मुलगा ओरडत होता, आता पुरुष गात होता. माझ्या अंगावर काटा आला, काका. मिनिटाला साडेचार फेऱ्या जास्त पडल्या तरी गाणं अर्ध्या सुरानं चढतं, हे तेव्हा कानानं कळलं.

१९०२ सालीच नोव्हेंबरात, कारुसोला मुद्रित करणारा तोच फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात गायिका गौहरजानसमोर कर्णा लावून बसला होता. दोघांच्याही तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघाल्या. हे तुमच्याकडून कळल्यापासून कारुसो मला परका वाटत नाही.

तरी खरं सांगू? मला तुमच्याकडे ऐकलेला दुसरा इटालियन गायक, तमान्यो, जास्त धरून ठेवतो. १८८७मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हेर्दीच्या ऑपेरातला पहिला ऑथेल्लो उभा केला तो हा माणूस. १९०३मध्ये त्याच्या राहत्या घरी जाऊन आवाज घेतला आणि १९०५मध्ये तो गेलाच. ऑथेल्लोच्या मरणाच्या प्रसंगात तो मध्येच थांबतो, तेव्हा फक्त सुईची खरखर उरते. ती खरखर कुणी पुसली, तर ते थांबणंही पुसलं जाईल. बाईंच्या फाईलचं नेमकं काय बिघडलं होतं, ते मला तमान्योनं दाखवलं.

मग तुम्ही मूळ टेप लावलीत. तिच्यात सतत एक बारीक गुणगुण होती. मला ती कचरा वाटली. तुम्ही मात्र तीच आधी मोजलीत. ती गुणगुण विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० कंपनांची, टेपवर ती गुणगुण ५३वर दिसत होती. म्हणजे बैठकीच्या रात्री रेकॉर्डर मंद फिरत होता, आणि आज योग्य वेगानं लावलं की बाई अर्धा सूर चढतात. ५३चे ५० केलेत आणि काळी चार आपोआप आली. सफाई त्यानंतर, तीही अगदी हलक्या हातानं. सात रविवार घालवलेत तुम्ही यात.

परवा आम्ही सहाजणी ते ऐकायला बसलो. विलंबितात एके ठिकाणी समेवर येताना बाई तबलजीला हळूच "हं" म्हणतात. दुकानाच्या फाईलमध्ये तो हुंकार नव्हताच. सगळ्यांत धाकटीनं बाईंना कधी पाहिलं नाही. तीच म्हणाली, पुन्हा लावा.

पॅरिसच्या ऑपेराच्या तळघरात १९०७च्या डिसेंबरात चोवीस तबकड्या शंभर वर्षांसाठी बंद करून ठेवल्या होत्या, हे तुम्हीच सांगितलंत. जहाजावरच्या नोकरीत बंदराबंदरातून जमवलेल्या तबकड्यांचं तुमचं कपाट मात्र दर रविवारी उघडं असतं. कुणीही यावं, मांडी घालून बसावं आणि ऐकावं. माझ्यासारख्या अनोळखी बाईनंसुद्धा.

येत्या रविवारी दुसरी टेप घेऊन येते. पेटी दुरुस्त करणाऱ्यांनाही बरोबर आणते आहे, भात्याचं माप घ्यायला. काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
बाईंची एक शिष्या