तुम्ही न केलेल्या कामाबद्दल आभार

नमस्कार,

तुम्हांला दादा म्हणावं की ताई, हे मला आजही माहीत नाही. आपल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये तुमचं एक टोपणनाव आहे आणि फोटोच्या जागी हिरवा चौकोन. मराठी वाचता की नाही, तेही ठाऊक नाही. पण 'तुम्ही' म्हटलं की आमच्या भाषेत पुढचं सगळं निभावतं, म्हणून हे पत्र मराठीतच.

२०१८ च्या शेवटी मी आले, तेव्हा आपलं पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ वरून ३ वर जायचं काम अर्ध्यात लटकलं होतं. पायथन ३.० आलं ते डिसेंबर २००८ मध्ये. जुन्या २.७ च्या देखभालीची मुदत आधी २०१५ ला संपणार होती, ती २०२० पर्यंत वाढली, आणि आपल्यासारख्या कितीतरी प्रोजेक्टांनी त्या वाढीव मुदतीत निवांत झोप काढली. जाग आली तेव्हा सगळीकडे 'मदत हवी'.

मदत करायची म्हणजे नेमकं काय, ते मात्र कळेना. 'नवख्यांसाठी' असं लेबल लावलेले इश्यू, म्हणजे कामांच्या नोंदी, मी एकेक उघडून पाहिले. काहींखाली कुणीतरी कित्येक महिन्यांपूर्वी 'मी करतो' लिहून गेलेलं, पुढे शांतता. बाकीचे एका ओळीचे: 'हे मॉड्यूल पोर्ट करा,' म्हणजे कोडाचा हा भाग नव्या आवृत्तीवर आणा. ज्याने ते मॉड्यूल लिहिलं त्याला ते सोपं असेलही. मी एक उचललं, जिथे जिथे एरर आली तिथे तिथे डीकोड (साठवलेल्या बाइटचा मजकूर करणारी आज्ञा) चिकटवलं, आणि टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, झाल्यावर खूश होऊन पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशी विनंती) पाठवली.

तुम्ही ती मर्ज केली नाहीत, म्हणजे मूळ कोडात घेतली नाहीत. नुसती बंदही केली नाहीत. 'हे काम तुमच्यासाठी मोठं कापलं गेलं, चूक आमची,' असं लिहून तुम्ही दुसरा इश्यू माझ्यासाठी उघडलात. त्यात एकाच फाइलचं नाव होतं. ती तपासायला कोणती कमांड चालवायची, काम झालं असं कधी म्हणायचं आणि कोणत्या दोन फंक्शनांना हात लावायचा नाही, हेही होतं. आणि शेवटी: 'दोन आठवडे काही कळलं नाही तर काम मोकळं करीन. त्यात राग नाही.'

काम होतं भागाकाराच्या खुणा तपासण्याचं. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागलं की ३ येतात, पायथन ३ मध्ये ३.५. प्रिंट या आज्ञेला पायथन ३ मध्ये लागणारे कंस टू-टू-थ्री (2to3) हे रूपांतराचं साधन आपोआप घालायचं, पण भागाकाराला ते हात लावत नसे. ज्यांचा भागाकार करायचा त्या दोन चलांत चालू प्रोग्राममध्ये काय येणार आणि लिहिणाऱ्याला पूर्णांक हवा होता की अपूर्णांक, हे नुसता कोड चाळून यंत्राला कसं कळणार? माणसाने प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारायचं. सरासरी असेल तर अपूर्णांक बरोबरच, पण यादीतला मधला घटक काढायचा असेल तर ३.५ वा घटक कुठून आणणार? तिथे दुहेरी तिरकी रेघ (//), ती अपूर्णांक टाकून देते. अनुभव लागत नाही, धीर लागतो. तुम्हांला त्या फाइलला पंधरा मिनिटं पुरली असती. मला चार संध्याकाळ लागल्या, आणि तेवढ्यात फाइल पाठ झाली.

दुसऱ्या कामाआधी तुम्ही विचारलंत, 'तुमची लिपी कोणती?' मी देवनागरी सांगितलं. लांब शीर्षकं कापणाऱ्या फंक्शनसाठी तुमच्या लिपीतली टेस्ट लिहा, म्हणालात. मी 'नमस्कार' घेतला. डोळ्यांना त्यात चार अक्षरं दिसतात. पायथन ३ सात मोजतं, कारण हलन्त आणि काना वेगळे धरले जातात. पायथन २ ची साधी स्ट्रिंग (मजकुराची साठवण) अक्षरं नाही, तर यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीतले एकवीस बाइट मोजते; इथे एका चिन्हाला तीन बाइट लागतात. दहाव्या बाइटवर कापलं की हलन्ताचाच तुकडा पडतो आणि शेवटी कचरा उमटतो. इंग्रजी शीर्षकांवर ही चूक कधी दिसलीच नव्हती. बाइट आत येताना एकदाच डीकोड, बाहेर जाताना एकदाच एन्कोड (मजकुराचे परत बाइट), मधे फक्त मजकूर, हे तुमचं वाक्य मला तेव्हा कुठे समजलं. माझी पहिली पुल रिक्वेस्ट आठवून कानही गरम झाले.

(तक्रार एकच. रिव्ह्यूमध्ये नुसतं 'हं' लिहिण्याची तुमची सवय. ते होकाराचं की नाराजीचं, यावर मी एक अख्खी रात्र घालवली आहे.)

मधे परीक्षेमुळे मी तीन आठवडे गायब झाले. काम खरंच मोकळं झालं, दुसऱ्याने केलं, आणि परतल्यावर तुम्ही काही न विचारता नवं दिलंत. तो नियम आधीच लिहिलेला नसता, तर लाजेपोटी मी परत आलेच नसते.

पुढे आपण पायथन २ सोडलं. दोन्हींवर चालावं म्हणून घातलेल्या ओळी आता नकोशा झाल्या, त्यांत माझ्याही बऱ्याच. त्या मीच पुसणार होते, तासाभराचं काम. मग एक नवा माणूस विचारत आला, 'मला झेपेल असं काही आहे का?' मी माझा हात आवरला. फाइलचं नाव लिहिलं, कमांड लिहिली, काय पुसायचं नाही ते लिहिलं, खाली तुमची दोन आठवड्यांची ओळ जशीच्या तशी उतरवली.

परवा त्याची पुल रिक्वेस्ट आली. तीन ठिकाणी चुकली आहे. मी अजून 'हं' लिहिलेलं नाही.

तुमची,
चार संध्याकाळवाली