आक्का, तुमची बादली अजून माझ्याकडंच आहे

आक्का, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलात का" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहायलेय, आता मुकाट्यानं वाचा. वाचता नाही आलं तर नातवाकडून वाचून घ्या.

मागच्या फेब्रुवारीत मी घरातलं सांडपाणी गाळून झाडांना घालायला घरामागं गांडुळाचा फिल्टर करायचा घाट घातला होता. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले की आपल्याला सगळं येतं असं वाटतं ना, तसलंच. टिपाड (मोठा ड्रम) आणलं, खाली खडी टाकली, वर शेतातली काळी माती, नाल्याच्या कडेला खणून काढलेली गांडुळं सोडली आणि न्हाणीचं, धुण्याचं, भांड्याचं सगळं पाणी धाडधाड ओतलं. चौथ्या दिवशी काळी माती फुगून अशी गच्च बसली की पाणी वरच तुंबलं, वास तर असा की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सासूबाई म्हणल्या, घरात किडे पाळायची काय हौस आलीय हिला.

हौस नव्हती हो. लातूरात राहणाऱ्याला सांगायला नको, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं आपल्याकडं, त्या उन्हाळ्यात आम्ही घमेल्यात बसून अंघोळ करायचो आणि तेच पाणी तुळशीला घालायचो. त्यावेळी दारातलं लिंबूचं झाड वाळलं ते वाळलंच. तेव्हापासून मोरीतून गटारीत जाणारं पाणी बघितलं की माझ्या पोटात कालवतं. कुणी म्हणलं शोषखड्डा करा, आणि तो चांगलाच आहे, नांदेडकडं गावंच्या गावं त्यानं गटारमुक्त केलीत, पण त्यात पाणी जमिनीत मुरतं आणि मला तर ते झाडाच्या बुडात पाहिजे होतं.

तर अशात तुम्ही गल्लीत गांडूळखताच्या पिशव्या घेऊन आलात. मी खत घ्यायचं सोडून तुम्हाला सरळ मागं नेऊन टिपाड दाखवलं. दुसरं कुणी असतं तर नाकाला पदर लावून पळालं असतं, तुम्ही बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात घातला, वास घेतला आणि आधी एवढंच म्हणलात, "बाई, गांडूळ ओलीत ऱ्हातंय, पाण्यात न्हाई." मग समजावून सांगितलंत, त्याला नाक नसतं, ते कातडीनं श्वास घेतं, पाणी तुंबलं की गुदमरतं. आणि माझी गांडुळं तर जमिनीत खोल बिळं करून राहणारी, ती टिपाडात टिकणारच नव्हती, तिथं वरच्या कचऱ्यात राहणारी खताची लाल गांडुळं लागतात. सगळ्या व्हिडिओत मिळून मला हे कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही औशाकडून एसटीनं आलात, मांडीवर ओल्या बारदानानं झाकलेली बादली. कंडक्टरनं विचारलं यात काय, तर तुम्ही म्हणलात लेकरं हायती. हे तुम्ही हसत हसत सांगितलं आणि सासूबाई पहिल्यांदा हसल्या, तिथंच निम्मं काम झालं खरं तर.

मग दिवसभर आपण टिपाड नव्यानं भरलं. बुडात मोठी खडी वीतभर, त्यावर बारीक खडी, मग जाडी वाळू, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि सॉ मिलमधल्या लाकडाच्या ढलप्या चांगल्या दीड हात, वर अर्धवट कुजलेलं शेण आणि त्यात लेकरं. मातीचा कण नाही. बुडाची तोटी कायम उघडी, म्हणजे पाणी थांबायचा प्रश्नच नको. पाणी आधी दुसऱ्या छोट्या टिपाडात, तिथं जाळीत केस, शितं अडकतात, तेलकट तवंग वर राहतो आणि खालचं पाणी भोकं पाडलेल्या पाईपातून बारीक धारेनं गांडुळाच्या टिपाडावर. "एकदम वतू नका, त्यास्नीबी जेवायला टाईम लागतो."

मला वाटायचं गांडूळच पाणी गाळतं. तुम्ही एक ढलपी उचलून बोटानं चोळायला लावली, बुळबुळीत लागली. ही जी बुळबुळ धरलीय ना, यातले जिवाणू खरी घाण खातात, गांडूळ ती बुळबुळ आणि अडकलेला गाळ खाऊन फिरत राहतं, त्याच्या फिरण्यानं हवा आत जाते, वाटा मोकळ्या राहतात, म्हणून वास येत नाही. माझ्या पोरानं नंतर नेटवर शोधलं तर चिली देशात होसे तोहा नावाच्या प्राध्यापकानं १९९० च्या दशकात असल्याच पद्धतीनं सांडपाणी शुद्ध करायचं काम केलंय म्हणे. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणलात, त्यांच्याकडंबी नळ रोज येत नसंल.

त्यानंतर मी तुम्हाला किती फोन केले त्याचा हिशोब नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत गांडुळं टिपाडाच्या कडेनं वर चढायला लागली, तुम्ही म्हणलात कडुलिंबाखाली सरकवा, बारदान दिवसातून दोनदा भिजवा. रंगपंचमीला पोरांच्या अंघोळीचं जांभळं पाणी बघून मी घाबरून फोन केला, ते आज गटारीत जाऊ द्या म्हणलात. फिनाईल, ब्लिचिंग आणि संडासाचं पाणी तर पहिल्या दिवसापासून बंद. आणि दिवाळी! पाव्हणे भरलेले, अकरा माणसांचं अभ्यंगस्नान, तेल आणि उटणं सगळं त्या बारक्या टिपाडातनं पार होऊन ढलप्यांवर साय धरल्यासारखं बसलं, पाणी उतरेना. तुम्ही ना रागावलात ना काही, आठ दिवस पाणी तोडा, वरचा थर उकरून भुसभुशीत करा, नवीन ढलप्या टाका. नवव्या दिवशी खालून परत धार लागली. एका गोष्टीवर मात्र मी तुमच्यावर अजून नाराज आहे, मेथी कोथिंबीर लावू दिली नाही तुम्ही. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे पाणी नको, झाडाच्या बुडातच सोडायचं, हे कळतं हो मला, पण तरी.

धुण्याचं पाणी अजून निम्मंच वळवते. पावडरीतला सोडा आपल्या काळ्या रानाला वाईट, जमीन आणखी आवळते, हे तुम्हीच सांगितलेलं. त्यामुळं फक्त शेवटच्या खंगाळणीचं पाणी आत घेते.

आता खबर. नवीन लावलेलं लिंबू माझ्या खांद्याला लागलंय, शेवग्याच्या शेंगा शेजारीसुद्धा नेतात (तेच, खिडक्या लावणारे), कढीपत्त्याला तर मोजमाप नाही. सासूबाई रोज सकाळी बारदान उचलून बघतात, परवा ज्वारीच्या दाण्याएवढे गांडुळांच्या अंड्यांचे पिवळसर कोष दिसले तर मला झोपेतून उठवलं त्यांनी, बाळंतीण सुखरूप असल्यासारखं.

तुम्ही गांडुळाचे पैसे घेतले नाहीत, वाढली की दुसऱ्याला द्या म्हणलात. वाढलीत. गल्लीतल्या दोघींना ओंजळ ओंजळ दिलीत, तिसरी टिपाड शोधायलीय. तुमची बादली मात्र अजून माझ्याकडंच आहे, येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात येते तेव्हा घेऊन येते. मोकळी आणणार नाही, शेवग्याच्या शेंगा घालून आणते, तुम्ही आंबील जास्तीची करून ठेवा, सासूबाई पण येणार म्हणायल्यात.

तुमचीच,
टिपाडवाली