दर दोन तासांनी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, अकरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा पहाटे गेले. मला त्यांचं शेवटचं बीपी आठवतंय, युरिन आऊटपुट आठवतंय, चेहरा आठवत नाही. त्यांचा चष्मा अजून लॉकरवर आहे." मी जेवलास का वगैरे विचारलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. समोर बोलताना मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या वॉर्डातले सीनियर ब्रदर, म्हणजे तुझ्यासारखेच पुरुष नर्स, म्हणतात, रुग्णात गुंतायचं नाही, नाहीतर या कामात टिकणार नाहीस. ते चुकीचं सांगत नाहीत. रोज प्रत्येकासाठी रडत बसले असते तर मीही टिकले नसते. पण माया ही निराळी गोष्ट आहे. ती मला ज्या रुग्णाकडून कळली, त्याच्याबद्दल मी घरात कधी बोलले नाही. तुझ्या बाबांशीही नाही.

१९९४ साल. मी मेल सर्जिकलला, म्हणजे पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, नर्स होते. ४० खाटा, खाली गाद्या टाकून आणखी आठ-दहा जण, आणि नाईटला आम्ही दोघी. चिंचा झोडपताना झाडावरून पडलेला एक शेतमजूर आला. मणका मोडलेला, कमरेखाली अंग लुळं, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. वय आज तुझं आहे तेवढंच असेल. तू-मी झोपेतसुद्धा कितीदा तरी कूस बदलतो, कारण एका जागी दाब आला की अंग आपल्याला हलवतं. त्याचं अंग काही सांगतच नव्हतं. अशाला दर दोन तासांनी दुसऱ्यानं कुशीवर घ्यायचं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला पाठ होतं.

त्या आठवड्यात लागोपाठ तीन नाईट माझ्या होत्या. इंजेक्शनं वेळेवर, सलाईन वेळेवर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) वेळेवर. आणि चार्टवर दहा, बारा, दोन, चार, सहा, प्रत्येक रकान्यात माझ्या अक्षरात "पोझिशन चेंज्ड". त्यातलं दहाचं आणि सहाचं खरं होतं. मधलं नव्हतं. रात्री अपघाताच्या केसेस आल्या, एकाला ऑपरेशन थिएटरला न्यायचं होतं, जोडीदारीण कॅज्युअल्टीत अडकली. कारणं सगळी खरी होती. पण न केलेलं केलं म्हणून मी लिहिलं, त्याला कारण नव्हतं. रकाना मोकळा राहिला तर सकाळी बोलणी बसतील, एवढीच भीती.

चौथ्या दिवशी पुसून काढायला कुशीवर घेतला, तर माकडहाडाच्या वर तळहाताएवढा लाल चट्टा. मी बोट दाबलं. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथे रक्त अजून खेळतंय. ही पांढरी पडलीच नाही. मधोमध कातडी निसटू लागली होती. खाली चादरीची घडी, आणि तीही ओलसर. त्याची बायको शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "बाई, हे कशानं झालं?"

मी म्हणाले, "पडून पडून होतं असं."

बाळा, एवढं एक वाक्य मला आजही गिळता येत नाही.

नंतर कातडी काळी पडली, मेलेला भाग काढल्यावर खड्डा झाला, आत हाड दिसेल एवढा. इन्चार्ज सिस्टरकडून ते ड्रेसिंग मी मागून घेतलं. ड्युटी नसेल त्या दिवशीही जायचे. त्याच्या बायकोला कूस बदलायला शिकवलं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी चादरीला घासते. अंगाखालची आडवी चादर दोन्हीकडून धरून उचलायचं. पाठीमागे उशी, पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. (आम्ही तेव्हा लाल जागेवर स्पिरिट-पावडर चोळायचो. तुम्हाला आता चोळू नका म्हणून शिकवतात ते बरोबर आहे, चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं.) तिच्याकडे घड्याळ नव्हतं. शेजारच्या खाटेवाल्याला वेळ विचारून ती रात्री उठायची, मला हाक मारायची आणि दुसऱ्या बाजूनं चादर धरायची. तिला लिहिता येत नव्हतं. एकही फेरी तिनं चुकवली नाही. सात आठवड्यांनी जखम भरत आली, तेव्हा त्याला मोठ्या शहरात पाठवलं. पुढचं मला कळलं नाही. त्या बाईला खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तू मुंबईत आहेस म्हणून आणखी एक सांगते. परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची स्टाफ नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली तोवर तिथल्या सिस्टरांनी तिचं सगळं केलं. तिला चालताबोलता कधी न पाहिलेल्या मुलींनीसुद्धा. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करायला तिला दुसरीकडे हलवायचं घाटत होतं, तेव्हा याच सिस्टर आडव्या आल्या. २०११ मध्ये तिच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, त्याआधी ३७ वर्षं झोपून असलेल्या तिच्या अंगावर तपासणाऱ्या डॉक्टरांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी तशी जखम, सापडला नाही. तिच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा आहे, असं न्यायालयानं म्हटलं. दयामरणावर लोक वाद घालतात, त्यात मी इथे शिरत नाही. मी पेपर हातात घेऊन गणित करत बसले होते. दोन तासांचा हिशेब धरला तर दिवसाला १२ वेळा, आणि तिच्या सगळ्या वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. ही माया. त्या सगळ्या जणी रोज तिच्यासाठी रडत असतील असं मला वाटत नाही. कुशीवर मात्र घेत होत्या.

आणि त्याच केईएमच्या सिस्टरांनी १९७३ मध्ये सुरक्षेसाठी संपही केला होता, हेही लक्षात ठेव. सेवा, त्याग म्हणत आपल्याला हार घालणारे लोक दोघींवर पन्नास रुग्ण टाकले जातात तेव्हा गप्प असतात. मायेला हात लागतात. ते कमी असतील तर मागा, लेखी मागा. आणि एखादी फेरी नाही झाली, तर "झाली नाही, ड्युटीवर दोघे" असं लिही. बोलणी खा, पण रकाना खोटा भरू नकोस. तो रिकामा दिसला तर ओव्हर, म्हणजे पुढची ड्युटी, घेणारा निदान आधी त्या रुग्णाकडे जाईल.

आजोबांचा चेहरा आठवत नाही म्हणून तू स्वतःला निर्दयी समजतोयस, तसा तू नाहीस. त्या रात्री तुझ्याकडे किती जण होते, हे मी विचारायला हवं होतं. एवढंच करून बघ: बीपी लिहून झालं की खाटेजवळ जा, हात कोमट करून मग लाव, शुद्ध नसली तरी "आजोबा, या कुशीवर घेतोय हं" असं सांग, ओठ सुकले असतील तर ओले कर. माणसाला कुशीवर घेताना मॉनिटरकडे बघता येत नाही, तोंडाकडेच बघावं लागतं.

आणि तो चष्मा कपाटात पडू देऊ नकोस. इन्चार्जना विचारून घरच्यांना फोन लाव. जो कोणी न्यायला येईल त्याच्या हातात तूच दे, वॉर्डातल्या मामांकडे (वॉर्डबॉयकडे) देऊन मोकळा होऊ नकोस. आधी काचा पुसून घे.

तुझी,
आई