अर्जाची पोच देणाऱ्या काकांचे आभार

धडगाव, अक्कलकुव्याकडून धुळ्याला शिकायला आलेल्या आम्हा आदिवासी मुलींना रंगावरून आणि बोलीवरून टोमणे नवे नव्हते. पण वसतिगृहाच्या मेसमध्ये आमची ताटे वेगळी ठेवली जाऊ लागली, तेव्हा आम्ही लेखी तक्रार करायचे ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2012 च्या नियमांनुसार संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आमच्याकडे मात्र अर्ज घ्यायचा कोणी यावरच टोलवाटोलवी चालली, म्हणून आम्ही कार्यालयाच्या दारातच ठिय्या दिला.

भर दुपारी आवक-जावक पाहणारे काका टेबल सोडून बाहेर आले. त्यांनी उभ्या उभ्या अर्ज पूर्ण वाचला, जोडलेली पाने मोजून त्यांची संख्या समासात लिहिली, शिक्का मारला आणि आमच्या प्रतीवरही आवक क्रमांक घालून सही केली. “पोच जपून ठेव बेटा, झेरॉक्स काढून ठेव,” एवढेच ते बोलले. साहेबांची भीती त्यांना नसेल, असे मुळीच नाही. त्या पोचेमुळे अर्ज मिळालाच नाही असे म्हणायची सोय उरली नाही आणि चौकशी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

शेजारच्या वसतिगृहातील मुलींचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, आमच्यात बसल्या आणि आमच्याच ताटांत जेवल्या.

काका, नाव घेतले तर त्रास तुम्हालाच होईल, म्हणून घेत नाही. तुमचे आणि त्या मैत्रिणींचे आम्ही सर्वजणी मनापासून आभार मानतो.