निबंधस्पर्धेचे विषय बदला

महोदय,

शालेय निबंधस्पर्धांत ‘एआय’ने लिहिलेला मजकूर येऊ लागल्यापासून तो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची मागणी होते. कृपया त्या वाटेला जाऊ नये. ओपनएआय कंपनीने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. एखादी नक्कल सुटली तरी चालेल, पण नेटके लिहिणाऱ्या मुलावर खोटा आळ नको.

यंत्र लिहिते कसे, ते आधी पाहावे. भाषा-मॉडेल, म्हणजे ‘एआय’चा लिहिणारा प्रोग्राम, मजकुराचे लहान तुकडे करते, पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता किती याचे आकडे काढते आणि त्यांतून एक निवडते. ही निवड किती मोकळी असावी हे ठरवणारा आकडा, ‘टेम्परेचर’, शून्याजवळ ठेवले तर बहुधा सर्वांत संभाव्य तुकडाच येतो. ते वाढवले की अनपेक्षित शब्द येतात, फार वाढवले की वाक्य विस्कटते. ओपनएआयच्या २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलला असे सुमारे ३०० अब्ज तुकडे शिकवले होते. त्या साठ्यातले ९० टक्क्यांहून अधिक शब्द इंग्रजी. पुढच्या मॉडेलांची मराठी सुधारली, तरी गोव्याच्या वाड्यावाड्यांतले लिखित रूपात आहेच किती? म्हणून ‘आमची चतुर्थी’ मागितली की नेवऱ्या-पातोळ्या हे इथले गोड पदार्थ बाजूला राहतात आणि कुठल्याही शहराला चालेल असा उत्सव हाती येतो. माहिती विरळ असली तरी यंत्र सहसा अडत नाही, संभाव्य ते भरते. त्यामुळे चूकही सफाईदार दिसते.

मुलाला आधी काहीतरी सांगायचे असते, शब्द तो मागाहून शोधतो. मनातले नीट उतरले नाही की खोडतो, आणि त्या खोडाखोडीतच त्याला आपले म्हणणे सापडते. सर्जनशीलता तिथे असते. परीक्षकापुढे मात्र फक्त स्वच्छ प्रत जाते!

तेव्हा विषयच असा द्यावा: ‘घरच्या किंवा शेजारच्या माटोळीतल्या पाच वस्तू कुठून आल्या, कोणी आणल्या, यंदा काय मिळाले नाही आणि का?’ (माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-फुलांनी सजवून टांगलेली लाकडी चौकट.) माहिती घरून विचारून आणावी; पहिला खर्डा वर्गात, पेनाने, ३० मिनिटांत. खाडाखोड तशीच ठेवावी. मग हवे तर खर्डा यंत्राला दाखवून ‘वाचकाला कोणते प्रश्न पडतील?’ एवढेच विचारावे. ‘सुधारून दे’ म्हटले की मुलाची वाकडीतिकडी पण स्वतःची वाक्ये गुळगुळीत होऊन जातात. शेवटी दोन तोंडी प्रश्न: हे वाक्य का खोडलेस? ही गोष्ट तुला कोणी सांगितली? ५० पैकी २० गुण खर्ड्याला आणि या उत्तरांना ठेवावेत.

— मराठीचे काही शिक्षक, फोंडा